माहेरही निएमी, सासरही निएमी

माणसाचं आडनाव कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. ही खोड माझ्यात जन्मापासूनच असावी, नोकरीने तिला खतपाणी घातलं एवढंच. अबुधाबीतल्या एका हॉस्पिटलच्या रजिस्ट्रेशन काउंटरवर मी बरीच वर्षं बसते आहे. समोर आलेल्याचं ओळखपत्र घ्यायचं, नाव कॉम्प्युटरवर चढवायचं, टोकन द्यायचं. काम कंटाळवाणं, पण नावं अजिबात कंटाळवाणी नाहीत. तमिळ माणूस आडनावच लावत नाही, वडिलांचं नाव लावतो, आणि कॉम्प्युटर आडनावासाठी अडून बसतो. फिलिपिन्सच्या नर्सच्या नावात मधोमध आईचं माहेर असतं. इथल्या स्थानिक बायकांची नावं बाप, आजोबा, पणजोबा करत पुढे जातात आणि शेवटी टोळीच्या नावापाशी थांबतात. मी विचारत राहते. माझ्यापुढे रांग वाढली की शेजारची सहकारी कोपराने ढोसते, "यल्ला, हबीबी, नाव टाइप कर, चरित्र नको."

आमच्या घरात मात्र आडनावाच्या बाबतीत शेवटचा शब्द आत्याचा. ही माझी सख्खी आत्या आणि माझी सासूही. मी माझ्या आतेभावाशी लग्न केलं. आमच्याकडे मामाची मुलगी करून घेणं म्हणजे कौतुकाची गोष्ट, मुलगी घरातल्या घरात राहते असं मानतात. लग्नानंतर मी दोन दिवस तिला 'अहो आई' म्हणून बघितलं. तिने हसून सांगितलं, "पुरे झालं तुझं नाटक." तेव्हापासून पुन्हा आत्या आणि पुन्हा अगं-तुगं.

मामा गेल्यावर, म्हणजे आत्याचे यजमान, माझे सासरे गेल्यावर (हा घोळ आमच्या घरात कायमचाच आहे), आत्या इकडे आली. मोहम्मद बिन झायद सिटीत एका व्हिलाचा खालचा भाग आम्ही भाड्याने घेतला आहे. नवऱ्याचा एसी दुरुस्तीचा धंदा मुसफ्फात, माझ्या शिफ्टच्या ड्यूट्या. मुलीला खऱ्या अर्थाने वाढवलं ते आत्यानेच. ती मराठीत बोलायची, मुलगी इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि दोघींचं कधी काही अडलं नाही. मुलगी आजही कुठलाही निर्णय घेताना आधी आजीकडे जाते, मग माझ्याकडे येते. मला याचं वाईट वाटतं, ते मी लपवतही नाही.

तर अशा घरात मुलीने एका शनिवारी एका फिनलंडच्या मुलाला आणलं.

मुलगी जहाजांच्या मालवाहतुकीच्या ऑफिसात आहे. कामासाठी ती खोर फक्कानच्या बंदरावर जायची, तिथे कंटेनर उचलणाऱ्या प्रचंड क्रेन्स असतात, त्यांची देखभाल करणाऱ्या कंपनीत हा इंजिनियर. उंच, गोरा, उन्हाने नाक सोललेलं, आणि बोलायला इतका कमी की मला आधी वाटलं याला आम्ही आवडलो नाही. मुलगी म्हणाली, "मम्मा, रिलॅक्स. फिनलंडमध्ये सगळे असेच असतात." त्याने बूट न सांगता दाराबाहेर काढले. आत्याने तेवढ्यावर त्याला निम्मे मार्क दिले. मी थालीपीठं लावली होती, त्याने तीन खाल्ली. आणखी थोडे मार्क.

मग आत्याने तिचे नेहमीचे प्रश्न काढले. मुलगी भाषांतर करत होती.

"आडनाव काय?"

"निएमी."

"म्हणजे?"

त्याला अर्थ सांगता येईना. टेबलावरच्या ताटात उरलेल्या दह्याकडे त्याने बोट दाखवलं आणि थालीपीठाचा एक तुकडा त्यात अर्धवट सरकवला. पाण्यात शिरलेली जमीन. "भूशिर," मी म्हणाले. भूगोलाच्या पुस्तकातला शब्द, शाळा सुटल्यापासून कधी तोंडात आला नव्हता.

"देवक काय?"

"आजी, ही डझन्ट हॅव देवक!"

"नसायला काय झालं? विचार तरी." देवक म्हणजे कुळाची खूण, कुणाचं वडाचं पान असतं, कुणाचं मोरपीस. एका देवकात सोयरीक होत नाही. मुलगी कपाळावर हात मारून घेत होती आणि तो गंभीरपणे ऐकत होता. शेवटी त्याने विचारपूर्वक सांगितलं की त्यांच्या घराला लाकडी कोंबडा आहे, छपरावर, वारा दाखवणारा. आत्याने ते मान्य केल्यासारखी मान हलवली.

"आईचं माहेर कुठलं? त्यांचं आडनाव?"

"तेही निएमी," तो म्हणाला. लग्नाआधीही आई निएमीच होती, लग्नानंतर तिला काही बदलावंच लागलं नाही, असं त्याने हसत सांगितलं. ही त्यांच्या घरातली विनोदाची गोष्ट असावी.

आत्याने कप खाली ठेवला. तो गेल्यावर म्हणाली, "माहेरही तेच, सासरही तेच. भावकीत लग्न झालंय त्याच्या आईबापाचं. बहीणभावाचंच म्हणायचं ते. मी या लग्नाला उभी राहणार नाही."

मुलगी आधी हसली, मग तिला कळलं की आजी चेष्टा करत नाही. ती रडली, भांडली, इंग्रजीत बरंच काही बोलली. पण शेवटी तिने जे सांगितलं ते मात्र चांगल्या मराठीत सांगितलं. "आजी नसेल तर मी लग्न करणार नाही." आणि दार लावून घेतलं. तो गोरा आहे, परधर्माचा आहे, याबद्दल आत्याने चकार शब्द काढला नव्हता. अडलं होतं ते फक्त आडनावापाशी. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "आई म्हणेल तसं," आणि एक कॉम्प्रेसर बघायला निघून गेला. सुट्टीच्या दिवशी.

मी आत्याला म्हणाले, "अगं, आपण तर सख्ख्या मामाची मुलगी, आत्याचा मुलगा असं करतो. त्यांचं फक्त आडनाव एक आहे."

"मामाची मुलगी वेगळ्या कुळातली. तुझं माहेरचं आडनाव वेगळं, आमचं वेगळं."

"तुझंही माहेरचं तेच की गं, जे माझं आहे."

"लग्नात ते बदललं, म्हणून तर चाललं," ती म्हणाली. तिच्या हिशेबात ते बरोबर होतं. मी दुसऱ्या दिवशी काउंटरवर बसून कागदावर रेघोट्या ओढून बघितल्या, तर खरंच बरोबर होतं. सख्खं रक्त चालतं, परका असला तरी तेच आडनाव चालत नाही. इतकी वर्षं मी जगभरची नावं विचारत होते आणि घरातलाच हा नियम कधी उलटून पाहिला नव्हता.

त्या दिवशी मी शेजारच्या सहकारिणीला सगळं सांगितलं. ती इथलीच, स्थानिक. तिने डोळे मोठे केले. "पण हे तर उत्तम! एक नाव म्हणजे एक टोळी, माणसं ओळखीची. माझा नवरा माझ्या काकाचा मुलगा. परक्याला मुलगी देऊन वर काळजी का करायची?" काकाचा मुलगा म्हणजे आमच्याकडे सख्ख्या भावासारखा, हे मी तिला सांगितल्यावर आता कपाळावर हात मारायची पाळी तिची होती. दोघी इतक्या हसलो की रांगेतल्या एका आजोबांनी टोकन हलवून दाखवलं.

मग मी निएमी या आडनावाच्या मागेच लागले. आत्याला पटवायचं होतं हे खरं, पण खोटं कशाला बोलू, मला स्वतःलाच उत्सुकता सुटली होती. इंटरनेटवर वाचलं, होणाऱ्या जावयाला मेसेज करून भंडावून सोडलं. बोलायला कंजूस असलेला तो मुलगा लिहायला मात्र सढळ निघाला. आपल्या घराबद्दल आजवर कुणी इतकं विचारलंच नसावं.

त्यातून कळलं ते असं. फिनलंडच्या पश्चिम भागात पूर्वी नाव माणसाचं नसायचं, जागेचं असायचं. तळ्याकाठी, नदीकाठी सुटीसुटी शेतघरं, आणि प्रत्येक घराला नाव. टेकडीवरचं, वाळूवरचं, भूशिरावरचं. त्या घरात राहील त्याचं तेच आडनाव. घर सोडून दुसऱ्या घरात गेला की आडनावही मागे राहायचं, नवीन घराचं नवीन. घरजावई झालेला पुरुष बायकोच्या घराचं नाव लावायचा आणि त्यात कुणाला कमीपणा वाटायचा नाही. गड्यांना, दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या कुळांना तर धड आडनावच नसे, अमक्याचा मुलगा म्हणून ओळखायचे. पुढे शंभरेक वर्षांपूर्वी सरकारने आडनाव सगळ्यांना सक्तीचं केलं, तेव्हा ज्यांच्याकडे नव्हतं त्यांनी समोर दिसलं ते घेतलं. त्या देशात तळी किती आणि भूशिरं किती, त्याला गणती नाही. म्हणून निएमीही जागोजागी झाले. काही जहाजात बसून अमेरिकेच्या खाणीत गेले, काही शेजारच्या स्वीडनला गेले, आणि आता एक जण खोर फक्कानला क्रेनवर चढत होता.

संध्याकाळी मी आत्याजवळ मेथी निवडायला बसायची आणि दिवसभराचं ज्ञान तिच्यापुढे ओतायची. "आपल्याकडे वस्तीला माणसाचं नाव असतं ना, तर त्यांच्याकडे माणसाला वस्तीचं."

"म्हणजे आपल्यातले 'कर' म्हण."

"तसंच. पण आपला 'कर' गाव सोडून मुंबईला गेला तरी गावाचं नाव सोडत नाही. त्यांचा सोडायचा. तसं असतं तर मुसफ्फात राहत होतो तेव्हा आपण मुसफ्फाकर झालो असतो, आता झायदकर."

आत्या हसली नाही. एरवी असल्या गोष्टीवर ती सगळ्यात आधी हसते. ती देठं खुडत राहिली आणि म्हणाली, "बरं. दोन घरांचं नाव एक आणि माणसं वेगळी. पण वेगळी आहेत हे कळायचं कसं?"

"विचारायचं."

"कुणाला? ज्याला लग्न करायचंय तो वेगळीच आहेत म्हणणार."

विरोध असलेल्या माणसाचा हा प्रश्न नव्हता. विरोध असलेला माणूस ऐकूनच घेत नाही. आत्या मात्र रोज संध्याकाळी माझी वाट बघायची. मला उशीर झाला तर मेथी न निवडता तशीच ठेवायची. तिला पटत चाललंय अशी मी समजूत करून घेतली. त्या काळात मी मुलीला दर आठवड्याला सांगायची, "होईल, इन्शाल्ला." मुलगी म्हणायची, "मम्मा, यू सेड दॅट लास्ट वीक."

थंडी सुरू झाल्यावर आम्ही सगळे गाडीने खोर फक्कानला गेलो. डोंगरातले बोगदे संपले की एकदम समुद्र दिसतो. आत्याला समुद्र आवडतो. त्या मुलाने आम्हाला किनाऱ्यावर नेलं आणि उपसागराच्या टोकाला समुद्रात घुसलेला उघडा डोंगर दाखवला. "निएमी," तो म्हणाला. मग दुसऱ्या बाजूच्या टोकाकडे वळून पुन्हा म्हणाला, "निएमी." दोन्हींच्या मध्ये बंदर, क्रेन्स, रंगीत कंटेनरांच्या राशी.

आत्या बराच वेळ एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिली. मी मनात म्हटलं, आता झालं काम. यापेक्षा स्पष्ट कोण दाखवणार?

"कळलं मला," आत्या म्हणाली. "दोन्हीकडे घरं असली तर दोन्ही निएमी. नात्यातली असतीलच असं नाही." ती थांबली. "पण नसतीलच असंही नाही. याच्या आईबापाच्या वेळी कुणी जाऊन बघितलं का?"

मुलाला ते माहीत नव्हतं. मला त्या क्षणी आत्याचा राग आला. भर वाऱ्यात, इतकं सगळं समजावून झाल्यावर, ही बाई पुन्हा पहिल्या पायरीवर! मी म्हणालेसुद्धा, "आत्या, तुला पटवून घ्यायचंच नाही." ती म्हणाली, "तसं समज." येताना गाडीत मागच्या सीटवर मुलगी खिडकीला डोकं टेकून होती आणि तिचा हात आजीच्या हातात होता. भांडण चालू असतानाही या दोघींचे हात सुटत नाहीत, हे मी आरशातून बघत होते.

उपाय काढला तो त्या मुलाने. आईलाच बोलावलं.

विहीणबाई एकट्याच आल्या. त्यांचे यजमान गेले त्याला काही वर्षं झाली होती. आपल्या गावात त्या शाळेची बस चालवायच्या, बर्फातसुद्धा. पांढरे बारीक कापलेले केस, सपाट बूट, हातात मोठ्ठा काळ्या पावाचा गोळा आणि कॉफीची पाकिटं. इथे कॉफी मिळते की नाही अशी शंका त्यांना आली असावी. मुलाइतक्याच कमी बोलणाऱ्या. आत्या नऊवारी नाही पण ठेवणीतलं पाचवारी इरकल नेसून बसली होती, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. परीक्षा घेणारी तीच होती, तरी.

विहीणबाईंनी दिवाणखान्यात लावलेला आमच्या लग्नाचा फोटो बघितला आणि सौजन्याने विचारलं, तुम्ही दोघं कसे भेटलात? माझा नवरा म्हणाला, "वी आर फर्स्ट कझिन्स. हिचे वडील म्हणजे माझे मामा." विहीणबाईंच्या हातातला कप मधेच थांबला. त्यांनी मुलाकडे बघितलं, मुलाने जमिनीकडे. मुलगी तोंडावर उशी घेऊन हसत होती.

"काय म्हणतात त्या?" आत्याने विचारलं.

"काही नाही. आश्चर्य वाटलं त्यांना. त्यांच्याकडे असं करत नाहीत."

"त्यात काय आश्चर्य? मामाची मुलगी," आत्या म्हणाली. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती मोकळेपणी हसली. "म्हणजे आम्ही त्यांना तसेच दिसतो, जशा त्या मला."

हे मी भाषांतर करून सांगितल्यावर विहीणबाईही हसल्या. मग आत्याने सरळ विचारलं. तुमचं माहेर आणि सासर एकाच आडनावाचं कसं?

विहीणबाईंनी सांगितलं. त्यांचं माहेर एका तळ्याकाठी. त्यांचे आजोबा त्या घरात घरजावई म्हणून आले, येताना त्यांचं दुसरंच आडनाव होतं, ते त्यांनी सोडलं आणि निएमी झाले. सासर पार उत्तरेला, नदीवर. ती माणसं कुळं होती, दुसऱ्याच्या जमिनीवर झोपडं. आडनाव घ्या म्हटल्यावर झोपडं जिथे होतं त्या जागेचं घेतलं. दोघांची ओळख एका नाचाच्या कार्यक्रमात झाली. त्याने आपलं आडनाव सांगितलं तेव्हा हा आपली थट्टा करतोय असं वाटून त्या त्याला सोडून दुसऱ्याबरोबर नाचायला निघून गेल्या होत्या.

"घरी काय म्हणाले?" आत्या पुढे सरकून बसली.

विहीणबाईंनी तेही सांगितलं. त्यांची आई काळजीत पडली होती. वडिलांनी एकच प्रश्न विचारला, कुठलं भूशिर? विहीणबाईंनी नदीचं नाव सांगितलं. गवत कापायचे दिवस होते, हातातलं काम टाकता येत नव्हतं. तरी वडिलांनी ते भावावर सोपवलं आणि बसने निघाले. मुलाच्या घरी जाऊन कॉफी प्यायले, म्हाताऱ्या माणसांशी बोलले, कोण कुठून आलं ते विचारलं, घराभोवती एक चक्कर मारली. परत आले आणि बायकोला म्हणाले, "दुसरं भूशिर आहे." विषय तिथेच संपला. पुढे लग्न झालं.

मी हे मराठीत सांगून संपवलं. माझ्या डोक्यात विजयाचे ढोल वाजत होते. हेच तर हवं होतं आत्याला, कुणी जाऊन बघितलं का, तर बघितलं! मी तिच्याकडे वळले, तर तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ती पुसतही नव्हती.

"त्यांचे वडील गेले?" ती म्हणाली. "स्वतः गेले?"

"हो ना आत्या. खात्री करून आले."

"माझे नाही गेले."

आत्या विहीणबाईंकडे बघूनच बोलत होती, जणू त्यांना मराठी कळतंय. "डी.एड.ला माझ्या वर्गात होता. आडनाव आमचंच. गाव लांबचं, देवक वेगळं आहे म्हणून सांगत होता. आपल्या चुलत्याला घेऊन रीतसर मागणी घालायला आला. वडिलांनी आडनाव ऐकलं आणि चहा देऊन परत पाठवलं. मी म्हटलं, एकदा त्याच्या गावी जाऊन विचारून तरी या. एसटीने दोन-अडीच तास. हंगाम नव्हता, काही नव्हतं. नाही गेले. एक आडनाव म्हणजे भाऊ, संपलं." मग ती माझ्या नवऱ्याकडे, म्हणजे तिच्या मुलाकडे वळली. "तुझ्या बापाबरोबर माझा संसार चांगला झाला. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. हे वेगळं आहे."

तिचे वडील म्हणजे माझे आजोबा. मला खांद्यावर बसवून जत्रेत फिरवणारे, गावात कुणाशी कधी चढ्या आवाजात न बोललेले. मला त्यांचा फार राग आला. आणि आत्याची दया आली, आणि माझीच लाज वाटली, कारण परक्या देशातलं आडनाव मी महिनोन् महिने उकरत होते आणि ही बाई माझ्यासमोर बसून मेथी निवडत होती. विहीणबाई माझ्याकडे बघत होत्या, भाषांतराची वाट बघत.

मुलगी उठून आजीच्या खुर्चीच्या हातावर बसली आणि तिनेच सांगितलं, हळूहळू, एकही गोष्ट न गाळता. "देअर वॉज अ बॉय," अशी सुरुवात केली. मला तिचा अभिमान वाटला.

विहीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी एक प्रश्न विचारला, आणि तो मुलीने आजीला मराठीत सांगितला. "आजी, त्या विचारतायत, तो खरंच नात्यातला होता का?"

"कोण जाणे," आत्या म्हणाली. "बघायलाच कुणी गेलं नाही."

तिने पदराने तोंड पुसलं, साडी सारखी केली आणि माझ्या नवऱ्याला म्हणाली, "मुलीकडच्यांनी मुलाचं घर बघून यायची पद्धत आहे आपली. तिकीट काढ माझं. दोन्ही घरं बघायची आहेत, तळ्यावरचंही आणि नदीवरचंही. त्याशिवाय तारीख काढायची नाही."

"आई, सगळं कळलंय आता. त्यांचे वडील बघून आलेत. आणि तिथे आत्ता गुडघाभर बर्फ असेल."

"असू दे," आत्या म्हणाली. "आपल्या घरातलं कुणीतरी एकदा जायलाच हवं."